सर्व्हरवर पॅकेज बसत नाही, डिपेन्डन्सी आडवी येते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेबियन, उबुंटू आणि रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर डेटाबेस, वेब सर्व्हर, मेल सर्व्हर असलं काही बसवताना जे अडथळे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही प्रश्नोत्तरं. पॅकेज म्हणजे बसवायला तयार बांधलेलं सॉफ्टवेअर, डिपेन्डन्सी म्हणजे त्याला चालायला लागणारं दुसरं पॅकेज, आणि रेपो म्हणजे पॅकेजं जिथून येतात तो साठा. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्यायच्या.

"अनमेट डिपेन्डन्सीज" असा संदेश येतो. नेमकं काय बिनसलेलं असतं?

बहुतेक जण हा संदेश वरवर वाचतात, त्यातली एक ओळ उचलून इंटरनेटवर शोधतात आणि सापडेल ती कमांड चालवतात. खरं म्हणजे उत्तर त्या संदेशातच, ओळीच्या शेवटी लिहिलेलं असतं. ॲप्टच्या (डेबियन-उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरच्या) तक्रारीची शेपटी बहुतेकदा तीन प्रकारची असते आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

शेवटी "बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल" असेल, तर मागितलेलं पॅकेज तुमच्या मशीनला माहीत असलेल्या एकाही रेपोमध्ये नाही. एक तर रेपो जोडायचा राहिला आहे, किंवा तुम्ही दुसऱ्याच रिलीजसाठी (ओएसच्या आवृत्तीसाठी) बांधलेलं पॅकेज बसवायला निघाला आहात. आधी "ॲप्ट अपडेट" चालवून तो खरंच नीट पूर्ण होतोय का ते पाहा. त्यात एखादा रेपो ४०४ (सापडलं नाही) देत असेल, तर बाकीची चर्चा नंतर.

शेवटी "बट अमुक व्हर्जन इज टू बी इन्स्टॉल्ड" असेल, तर पॅकेज आहे, पण व्हर्जन जुळत नाही. हे जवळजवळ नेहमी दोन रेपोंचं भांडण असतं.

आणि "बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड" असेल, तर पॅकेज रेपोत आहे, पण त्याचंच पुढचं काहीतरी अडलंय. इथे साखळी धरून खाली उतरायचं. ज्याचं नाव तक्रारीत आलंय तेच नाव घेऊन "ॲप्ट इन्स्टॉल" करून बघायचं. ते नवीन तक्रार करेल, त्यातलं नाव पुन्हा घ्यायचं. दोन-तीन पायऱ्यांत तुम्ही वरच्या दोनपैकी एका शेपटीवर येऊन पोचता. खरी गाठ तिथे असते.

"यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस" असं म्हणतंय, पण मी तर काहीच होल्डवर ठेवलेलं नाही!

नसेलच ठेवलेलं. होल्ड म्हणजे पॅकेज आहे त्या आवृत्तीवर गोठवून ठेवणं. "ॲप्ट-मार्क शोहोल्ड" चालवून खात्री करून घ्या. यादी बहुधा रिकामी येईल. या वाक्याने आजवर बरीच माणसं भरकटली आहेत. त्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की सगळ्या अटी एकत्र पाळणारी जुळणी ॲप्टला सापडली नाही. त्याच्या वरच्या ओळी वाचा, या ओळीवर वेळ घालवू नका.

दोन रेपोंचं भांडण आहे हे ओळखायचं कसं?

"ॲप्ट पॉलिसी" आणि पुढे पॅकेजचं नाव. माझ्या मते ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची कमांड आहे, आणि सर्वांत कमी वापरली जाणारीही.

एक नेहमीचं उदाहरण. उबुंटू २२.०४ वर कोणीतरी पोस्टग्रेएसक्यूएलचा अधिकृत रेपो जोडतं, एक नवीन आवृत्ती वापरून पाहतं, नंतर ती काढून टाकतं आणि रेपोही काढतं. सहा महिन्यांनी दुसरं कोणी एखादी लायब्ररी कंपाइल करायला "लिबपीक्यू-डेव्ह" मागतं. तक्रार येते: लिबपीक्यू-डेव्हला लिबपीक्यू५ ची (पोस्टग्रेएसक्यूएलशी बोलणाऱ्या लायब्ररीची) १४ मालिकेतली अमुकच आवृत्ती हवी आहे, पण १५ मालिकेतली "इज टू बी इन्स्टॉल्ड". आता "ॲप्ट पॉलिसी लिबपीक्यू५" चालवा. इन्स्टॉल्डसमोर जी आवृत्ती दिसेल तिच्या शेपटीला "पीजीडीजी" (पोस्टग्रेएसक्यूएलच्या त्या अधिकृत रेपोची खूण) लिहिलेलं असेल, आणि खालच्या तक्त्यात तिच्यासमोर फक्त १०० हे प्राधान्य आणि डीपीकेजीच्या (ॲप्टच्या हाताखाली पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या) स्टेटस फाइलचा पत्ता असेल. म्हणजे हे पॅकेज मशीनवर आहे, पण आज ते देणारा रेपो एकही नाही. बेवारस. खाली उबुंटूची १४ वाली आवृत्ती ५०० प्राधान्याने हजर असते, पण ॲप्ट स्वतःहून व्हर्जन खाली आणत नाही, म्हणून गाडी अडते.

सुटका दोन प्रकारे होते. रेपो परत जोडायचा, की डेव्ह पॅकेजही तिथूनच जुळतं येतं. नाहीतर "ॲप्ट इन्स्टॉल लिबपीक्यू५=" च्या पुढे उबुंटूची पूर्ण आवृत्ती लिहून मुद्दाम खाली यायचं. बरोबर डेव्ह पॅकेजचं नावही द्या, म्हणजे दोन्ही एका झटक्यात बसतात. यात कुठेही जबरदस्ती करावी लागत नाही.

रेपो काढला म्हणजे त्याने आणलेली पॅकेजंही गेली, हा गैरसमज या जातीच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी असतो.

लिबएसएसएल१.१ मागतंय आणि ते मिळत नाही. जुन्या उबुंटूची डेब (डेबियन-उबुंटूच्या पॅकेजची) फाइल आणून बसवू का?

लिबएसएसएल ही ओपनएसएसएलची, म्हणजे एन्क्रिप्शनची लायब्ररी. उबुंटू २२.०४ पासून ओपनएसएसएल ३ आलं आणि १.१ रेपोतून गेलं. त्यामुळे २०.०४ साठी बांधलेलं काहीही २२.०४ वर बसवायला गेलात की ही तक्रार येणारच. मोंगोडीबीच्या जुन्या मालिका बसवताना असंख्य लोक इथे अडले, ६.० मालिकेत २२.०४ साठी वेगळी पॅकेजं आली.

२०.०४ ची डेब आणून बसवली तर ती बसते, चालतेही. दोन्ही लायब्ररींची फाइलनावं वेगळी असल्याने त्या शेजारी-शेजारी नांदतात. पण ओपनएसएसएल १.१.१ ची मूळ प्रकल्पाकडून मिळणारी मोफत देखभाल ११ सप्टेंबर २०२३ ला संपली, आणि तुम्ही हाताने बसवलेल्या त्या डेबला तुमच्या रिलीजचा कुठलाही रेपो सुरक्षा अपडेट देणार नाही. नेटवर्कवर ऐकणाऱ्या सर्व्हरच्या एन्क्रिप्शनची लायब्ररी अशी सोडून देणं मला पटत नाही. डेटा बाहेर काढून नव्या आवृत्तीत न्यायला दोन दिवस हवे आहेत, म्हणून तात्पुरतं केलं, तर ठीक. ते तात्पुरतं दोन वर्षं राहतं, ही खरी अडचण.

मग लिबएसएसएल ३ कडे १.१ च्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) केली तर?

नाही चालणार. त्यातल्या प्रत्येक फंक्शनवर व्हर्जनचा शिक्का असतो. जुना प्रोग्रॅम "ओपनएसएसएल_१_१_०" शिक्क्याचं फंक्शन शोधतो, नव्या फाइलमध्ये शिक्के "ओपनएसएसएल_३.०.०" चे. फाइल सापडते आणि पुढच्याच क्षणी प्रोग्रॅम तक्रार करून बंद पडतो.

पण सिमलिंक नेहमीच वाईट असंही नाही. उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ मध्ये ३२-बिट मशीनवरचा २०३८ सालचा वेळेचा प्रश्न सोडवण्यासाठी शेकडो लायब्ररींच्या पॅकेजनावांना "टी६४" जोडलं गेलं. लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं. बहुतेकांच्या आतल्या फाइलचं नाव तेच राहिलं, पण लिबएआयओचं नाही: तिथे फाइलच "लिबएआयओ.एसओ.१टी६४" झाली. परिणामी टार फाइलमधून आलेला तयार मायएसक्यूएल सर्व्हर "लिबएआयओ.एसओ.१" शोधतो आणि पॅकेज बसलेलं असूनही त्याला ते सापडत नाही. ६४-बिट मशीनवर आतला मजकूर सुसंगतच आहे, बदललंय फक्त नाव. म्हणून इथे सिमलिंकने काम होतं. नाव बदललंय की आतलं वागणं बदललंय, एवढं तपासून मगच हात घाला.

"जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड" याचं काय करायचं?

जी-लिब-सी ही सगळ्यांच्या पायाखालची लायब्ररी. नव्या जी-लिब-सीवर जुने प्रोग्रॅम चालतात, जुन्यावर नवे चालतीलच असं नाही. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७ आहे, रेड हॅट ८ मध्ये २.२८, डेबियन ११ आणि उबुंटू २०.०४ मध्ये २.३१, रेड हॅट ९ मध्ये २.३४, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५, डेबियन १२ मध्ये २.३६ आणि उबुंटू २४.०४ मध्ये २.३९. नोड १८ सेंटओएस ७ वर का चालेना, ते यावरून कळतं: त्याच्या तयार बायनरीला २.२८ लागत होती.

२.३४ हाच आकडा इतका वारंवार का दिसतो, यालाही कारण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीतच विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मूळ फंक्शनलाच नवा शिक्का बसला. त्यामुळे २.३४ किंवा पुढच्या मशीनवर बांधलेला अगदी चार ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा मागच्या मशीनवर सुरूच होत नाही.

उपाय: त्याच सॉफ्टवेअरची तुमच्या रिलीजसाठी बांधलेली आवृत्ती शोधा, तुमच्याच मशीनवर सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधा, कंटेनरमध्ये (आपल्या लायब्ररी बरोबर ठेवणाऱ्या बंदिस्त वातावरणात) चालवा, किंवा ओएस नवी करा. जी-लिब-सी हाताने बदलू नका. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, करून बसलोय. नव्या रिलीजमधली लायब्ररी आणून जुनीच्या जागी ठेवली, एंटर दाबलं आणि पुढची "एलएस" चालेना. "सीपी" चालेना, "सुडो" चालेना. उघडं असलेलं शेल तेवढं जिवंत, कारण ते आधीच मेमरीत होतं. "सीडी" आणि "इको" त्याच्या पोटातले, म्हणून ते चालत होते. त्या दोघांच्या जोरावर सर्व्हर दुरुस्त करता येत नाही. रेस्क्यू डिस्कने बूट करून जुनी फाइल परत ठेवली तेव्हा मशीन उठलं.

"फोर्स-डिपेंड्स" किंवा "नोडेप्स" वापरून बसवून टाकलं तर?

हे डिपेन्डन्सी तपासू नको असं सांगणारे पर्याय, पहिला डीपीकेजीचा, दुसरा आरपीएमचा (रेड हॅट घराण्यातल्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाचा). पॅकेज बसेल. पण ॲप्ट त्यानंतर प्रत्येक वेळी आधी ती मोडलेली जुळणी दाखवेल आणि ती निस्तरल्याशिवाय दुसरं काही बसवू देणार नाही. आरपीएमच्या बाजूला तर तक्रारही येत नाही. प्रोग्रॅम सुरू करायला जाल तेव्हा लायब्ररी नाही म्हणून कळतं.

एका ठिकाणी मात्र अशी पळवाट रास्त असते: डिपेन्डन्सी खरोखर पुरी झाली आहे, फक्त पॅकेज मॅनेजरला ते माहीत नाही. उदाहरणार्थ, मेल सर्व्हर तुम्ही सोर्समधून बांधलाय आणि दुसरं पॅकेज "मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट" मागतंय. तिथेही जबरदस्तीपेक्षा "इक्विव्ह्ज" बरं. ते एक रिकामं पॅकेज बनवून देतं, त्याच्या "प्रोव्हाइड्स" ओळीत हवं ते नाव लिहायचं. नोंद राहते आणि पुढच्या माणसाला कळतं की हे जाणूनबुजून केलं होतं.

डीपीकेजीने डेब बसवली आणि आता सगळंच अर्धवट लटकलंय.

डीपीकेजी रेपोकडे बघतच नाही. ते पॅकेज उघडतं आणि डिपेन्डन्सी नाही म्हणून कॉन्फिगर न करता सोडून देतं. आधी "डीपीकेजी --कॉन्फिगर -ए", मग "ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल". दुसऱ्या कमांडला "-वाय" जोडू नका. अडचण सोडवण्याचा तिचा एक मार्ग म्हणजे अडचणीचं पॅकेज काढून टाकणं, आणि त्याच्याबरोबर आणखी किती पॅकेजं जातायत ते शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं. "टू रिमूव्ह"च्या आधीचा आकडा दोन अंकी दिसला तर थांबा.

पुढच्या वेळी स्थानिक फाइलसाठीही ॲप्टच वापरा: "ॲप्ट इन्स्टॉल", मग टिंब-स्लॅश आणि फाइलचं नाव. टिंब-स्लॅश विसरलात तर ते रेपोत त्या नावाचं पॅकेज शोधत बसतं.

एवढं करूनही लटकलेलं राहिलं तर "डीएफ -एच" चालवून बूट पार्टिशन पाहा. जुने कर्नल साठून ते भरलं की नवं कर्नल पॅकेज अर्धवट राहतं आणि तक्रार मात्र डिपेन्डन्सीच्या भाषेत येते.

"कुड नॉट गेट लॉक" येतं. लॉक फाइल उडवू का?

नको. बहुधा स्वयंचलित सुरक्षा अपडेट पाठीमागे चालू असतो. दहा मिनिटं थांबा. खरंच अडकलं असेल तर "पीएस" ने कोण आहे ते पाहा.

"केप्ट बॅक" म्हणतंय, हीपण डिपेन्डन्सीचीच भानगड का?

कधीकधी. उबुंटूवर मात्र अपडेट टप्प्याटप्प्याने सोडले जातात आणि तुमच्या मशीनची पाळी आलेली नसते. काही दिवसांत आपोआप येतं. डेबियनवर हे दिसलं तर "ॲप्ट फुल-अपग्रेड" काय काय काढणार आहे ते आधी "-एस" लावून कोरडं, म्हणजे प्रत्यक्ष काही न बदलता, चालवून बघा.

रेड हॅट, अल्मा, रॉकीवर "नथिंग प्रोव्हाइड्स" येतं.

डीएनएफ हा रेड हॅट घराण्याचा पॅकेज मॅनेजर. ज्याचं नाव आलंय ते "डीएनएफ प्रोव्हाइड्स" ला विचारा. कंसातल्या ६४बिट शेपटीसकट लायब्ररीचं नाव दिलं तरी चालतं. बहुतेकदा कारण असं निघतं की एपेल (रेड हॅट घराण्यासाठीच्या जादा पॅकेजांचा) रेपो जोडलाय, पण ज्याच्यावर एपेलची बरीच पॅकेजं विसंबून असतात तो सीआरबी रेपो बंदच आहे. अल्मा आणि रॉकीच्या ८ मध्ये त्याचं नाव पॉवरटूल्स होतं, ९ मध्ये सीआरबी. चालू करा, काम झालं.

दुसरं गुपित मॉड्यूलचं. ८ मालिकेत पोस्टग्रेएसक्यूएल, पीएचपी, नोड यांच्या आवृत्त्या मॉड्यूलमध्ये (एकेका मालिकेच्या पॅकेजांच्या गटात) ठेवल्या आहेत. बाहेरचा रेपो जोडूनही पॅकेज दिसत नाही आणि "फिल्टर्ड आउट बाय मॉड्युलर फिल्टरिंग" असं येतं, तेव्हा ओएसचं मॉड्यूल बाहेरच्याला झाकून टाकत असतं. "डीएनएफ मॉड्यूल डिसेबल पोस्टग्रेएसक्यूएल" केलं की बाहेरचं दिसू लागतं. पीएचपीची मालिका बदलायची असेल तर आधी "मॉड्यूल रीसेट", मग नवी "एनेबल".

"--नोबेस्ट" आणि "--स्किप-ब्रोकन" ही डीएनएफ स्वतःच सुचवतं. त्याने तक्रार थांबते, पण तुम्हाला हवी असलेली आवृत्ती बसलीच असं नाही. बसल्यावर व्हर्जन तपासा.

जुन्या सर्व्हरवर रेपोच उघडत नाहीत.

त्या रिलीजचं आयुष्य संपलंय. सेंटओएस ८ हे ३१ डिसेंबर २०२१ ला संपलं, सेंटओएस ७ हे ३० जून २०२४ ला. दोन्हींची पॅकेजं व्हॉल्ट नावाच्या संग्रहात हलवली गेली. डेबियनसाठी आर्काइव्ह आणि उबुंटूसाठी ओल्ड-रिलीजेस असे संग्रह आहेत. रेपोचा पत्ता तिकडे वळवला की पॅकेजं मिळतात, पण नवे सुरक्षा अपडेट नाहीत. स्थलांतर होईपर्यंत सर्व्हर चालवण्यापुरतंच याचा उपयोग करा.

डेबियनवर उबुंटूचा, किंवा जुन्यावर नव्या रिलीजचा रेपो जोडून एकच पॅकेज घेतलं तर?

एकच पॅकेज येत नाही, वरात येते. ते नवी जी-लिब-सी मागतं, ती इतर दहा पॅकेजं बदलते. डेबियनवाले अशा मशीनला "फ्रँकन-डेबियन" म्हणतात.

डेबियनवर नवी आवृत्ती हवी असेल तर आधी बॅकपोर्ट्स हा डेबियनचाच जादा रेपो पाहा. त्यातली पॅकेजं तुमच्याच रिलीजवर बांधलेली असतात आणि त्यांचं प्राधान्य मुळातच १०० असतं, त्यामुळे न मागता घुसत नाहीत. बाहेरचा रेपो जोडायचाच असेल तर "प्रेफरन्सेस.डी" मध्ये पिनिंग करा, म्हणजे प्राधान्याचे आकडे ठरवून द्या: त्या रेपोतल्या सगळ्याला १०० च्या आत आणि हव्या त्या एका पॅकेजला ५०० च्या वर. ऋण आकडा दिला तर ते पॅकेज कधीच बसत नाही, आणि १००० च्या वर दिला तर ॲप्ट व्हर्जन खालीसुद्धा आणतं. तो शेवटचा आकडा लिहिताना सगळ्या पॅकेजांसाठीचं तारांकन वर राहिलेलं नाही ना, ते दोनदा पाहा.

दोन सॉफ्टवेअरना एकाच लायब्ररीच्या वेगळ्या आवृत्त्या लागतात.

मग त्यांना एका घरात कोंबू नका. पायथनची असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र "वेन्व्ह" (पायथनचं वेगळं वातावरण). डेबियन १२ पासून पिप (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) थेट सिस्टिममध्ये बसवायला नकार देतं आणि "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणतं. त्यावर "--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस" लावण्याचा सल्ला मिळेल. त्या पर्यायाचं नावच पुरेसं बोलकं आहे. ओएसची स्वतःची साधनं पायथनवर चालतात. सेंटओएस ७ वर पायथनची लिंक ३ कडे वळवून ज्यांनी यम (तिथला पॅकेज मॅनेजर) बंद पाडलं, त्यांना हे नव्याने सांगायला नको.

बाकीच्यांसाठी कंटेनर. जुनं, कोणी हात न लावणारं ॲप्लिकेशन त्याच्या काळातल्या ओएसच्या इमेजमध्ये ठेवायचं आणि होस्ट नवा ठेवायचा. इमेजमधल्या लायब्ररी जुन्याच राहतात हे विसरू नका. भिंत उभी राहिली, आतला ओलावा गेला नाही.

एक कुरबूर इथेच सांगतो: डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) बसवतानाच डिपेन्डन्सीचं भांडण होतं. उबुंटूचं "कंटेनरडी" आणि डॉकरच्या रेपोतलं "कंटेनरडी.आयओ" एकत्र नांदत नाहीत. एकाच ठिकाणचा पूर्ण संच घ्या, दुसऱ्याचा काढा.

सोर्समधून बांधायचं ठरवलं तर?

"ॲप्ट बिल्ड-डेप" आणि पॅकेजचं नाव दिलं की बांधणीला लागणारं जवळपास सगळं येतं, त्यासाठी रेपोच्या यादीत सोर्सची ओळ चालू हवी. प्रिफिक्स (बसवायची जागा) "/ऑप्ट" खाली स्वतंत्र फोल्डरचा द्या, "/युएसआर" कधीच नाही. नाहीतर पुढचं अपडेट तुमच्या फाइलींवरून नांगर फिरवेल. त्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षा सूचनांवर नजर ठेवणं आता तुमच्याकडे आलं.

इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर?

त्याच रिलीजचं, त्याच आर्किटेक्चरचं, शक्यतो तेवढंच कोरं मशीन बाहेर उभं करा. तिथे "डीएनएफ डाउनलोड --रिझॉल्व्ह --ऑलडेप्स", किंवा डेबियनवर "ॲप्ट-गेट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली" केलं की फाइली ॲप्टच्या कॅशमध्ये जमतात. बाहेरच्या मशीनवर आधीच बसलेली पॅकेजं या दुसऱ्या कमांडने उतरत नाहीत, म्हणून ते कोरं हवं. नाहीतर आत गेल्यावर नेमकी एक फाइल कमी पडते. आत नेल्यावर "क्रिएटरेपो_सी" किंवा "डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस" ने त्यांचा छोटा रेपो करा, म्हणजे क्रम पॅकेज मॅनेजरच लावेल.

सगळं बिघडवलं. मागे कसं जायचं?

डीएनएफवर "हिस्टरी" बघून "हिस्टरी अनडू" आणि व्यवहाराचा क्रमांक. जुन्या आवृत्त्या अजून रेपोत असतील तर जमतं. ॲप्टची नोंद "/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग" मध्ये असते. प्रत्येक व्यवहाराखाली दिलेली कमांड, काय बसलं, काय काढलं आणि कुठल्या आवृत्तीवरून कुठल्या आवृत्तीवर गेलं हे सगळं तिथे सापडतं. "रिमूव्ह" ची ओळ उचला, कंसातल्या आवृत्त्या बाजूला काढा, ती नावं परत "ॲप्ट इन्स्टॉल" ला द्या. व्हर्च्युअल मशीन असेल तर आधीचा स्नॅपशॉट यापेक्षा लवकर काम करतो, फक्त डेटाबेस चालू असताना घेतलेल्या स्नॅपशॉटवर परत जाण्याआधी मधल्या वेळेतला डेटा बाहेर काढून ठेवा.